गूळ, साखर आणि मळी: मिश्रणं वेगळी करण्याच्या पद्धतींची पार्श्वभूमी

दिवाळी सरली की करवीर-पन्हाळ्याच्या बाजूला गुऱ्हाळं पेटतात. चरकातून निघालेला रस फडक्यातून गाळून काहिलीत पडतो. खाली चुलाणात उसाचंच वाळलेलं चिपाड जळत असतं. रस तापू लागला की वर काळपट हिरवा फेस धरतो, ती मळी. गुळव्या तेवढ्यात रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडांचं बुळबुळीत पाणी काहिलीत सोडतो. रसात तरंगणारे बारीक कण त्या चिकट पाण्याला धरून एकत्र येतात, वर चढतात आणि मग झाऱ्यानं ते काढता येतात. थोडा चुना रसाचा आंबटपणा मारतो. बारीक कण असे एकत्र येण्याला रसायनशास्त्र साकळणे म्हणतं.

विज्ञानाच्या पुस्तकात गाळणे, निवळणे, बाष्पीभवन, स्फटिकीकरण, ऊर्ध्वपातन, अपकेंद्रण अशा पद्धती एका तक्त्यात बसवलेल्या असतात. मुलं त्या पाठ करतात. पण यातली प्रत्येक पद्धत कुणाच्या तरी अडचणीतून आली आहे, आणि ती अडचण कळली की पद्धत वेगळी पाठ करावी लागत नाही. कोल्हापूरकरांना तर लांब जायचंही कारण नाही, एका उसाच्या मागे चालत गेलं तरी बहुतेक तक्ता पुरा होतो.

रसात सुमारे 80 टक्के पाणीच असतं. ते उडून जाईल तसा रस दाटतो आणि त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. गुळाची काहील उतरवतात तेव्हा तापमान 118 ते 120 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. गुळव्याला तापमापी लागत नाही. तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांत त्याची गोळी वळते का ते बघतो. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली आणि या गुळाला हक्काची पेठ मिळाली. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

विलगीकरणाच्या नजरेनं बघितलं तर गुळात काम अर्ध्यावर थांबवलेलं असतं. पाणी आणि मळी गेली, बाकी सगळं ढेपेत राहिलं. गुळाची चव आणि रंग त्या राहिलेल्यातच आहे. साखर करायची तर तेही काढायला हवं, आणि ते फार अवघड निघालं. ही कला भारतात जुनी आहे. इसवी सन 647 मध्ये चीनचा सम्राट ताइझोंग याने ती शिकून घेण्यासाठी मगधात माणसं धाडली होती. उत्तरेतले कारागीर राबेतल्या, म्हणजे आटवलेल्या दाट पाकातल्या, स्फटिकांवर ओलं शेवाळ पसरत. त्यातलं पाणी झिरपत खाली जाताना स्फटिकांना चिकटलेला काळा पाक धुऊन नेई. अनेक दिवस लागत, पण साखर पांढरी होत जाई.

दुसरी अडचण उष्णतेची. रस फार वेळ कडक तापला की साखरेचे रेणूच फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, स्फटिक कमी पडतात. 1813 मध्ये एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं बंद भांड्यातली हवा काढून रस कमी तापमानाला उकळायची युक्ती काढली. न्यू ऑर्लीन्सच्या नॉर्बर्ट रिलियूनं 1843 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात एका भांड्याची वाफ पुढच्या भांड्याला तापवते. जळण किती वाचलं असेल! पुढे शेवाळाची जागा गरगर फिरणाऱ्या जाळीदार पिंपानं घेतली. पाक जाळीतून बाहेर फेकला जातो, स्फटिक आत राहतात आणि दिवसांचं काम मिनिटांत होतं. 1950 च्या दशकापासून कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी कारखाने उभे राहत गेले, ते याच यंत्रांवर.

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ पेठेत, वेगळं करण्याची आणखी एक रीत दिसते. झारेकरी तिथली झाडलोट गोळा करून पाटीत पाण्याखाली हलवतात. सोन्याची घनता पाण्याच्या 19.3 पट, वाळूची जेमतेम अडीच पट, म्हणून वाळू वाहून जाते आणि कण तळाला राहतात. पुढे पारा ते कण धरतो आणि नायट्रिक आम्ल चांदी-तांबं विरघळवून सोनं मागे ठेवतं. हात पिढ्यानपिढ्या तयार झालेले असतात, पण पारा तापवला की त्याची वाफ फुफ्फुसात जाते. या कामाबद्दल लिहिताना ते वगळणं मला बरोबर वाटत नाही.

कारखान्यातल्या पिंपातून बाहेर पडलेल्या काळ्या पाकालाही आपल्याकडे मळीच म्हणतात. गुऱ्हाळातली मळी वेगळी, ही वेगळी. ही मळी आंबवून अल्कोहोल काढतात. अल्कोहोल 78 अंशांच्या जरा वर उकळतं आणि पाणी 100 ला, म्हणून आधी अल्कोहोलची वाफ जास्त निघते. पूर्वी भट्टी एकेका घाण्यासाठी पुन्हा पुन्हा लावावी लागे. 1830 मध्ये आयर्लंडच्या इनियस कॉफीनं अखंड चालणाऱ्या स्तंभाचं पेटंट घेतलं. तरीही सुमारे 95.6 टक्क्यांवर गाडी अडते. तिथं वाफेत आणि द्रवात पाणी-अल्कोहोलचं प्रमाण एकच होतं, मग कितीही उकळा, पुढे काही वेगळं होत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमध्ये मात्र पाणी जवळजवळ नकोच असतं. म्हणून आता ही वाफ झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाच्या दाण्यांतून नेतात. त्यांची छिद्रं एवढी बारीक की पाण्याचा रेणू आत शिरतो, अल्कोहोलचा बाहेर राहतो. फडक्यातून रस गाळण्याचंच हे काम आहे, फक्त फडक्याची वीण रेणूएवढी.

आणि जिथं उकळणं, वजन, आकार यांतलं काहीच चालत नाही? 1903 मध्ये वॉर्सात मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं पानांचा अर्क भुकटी भरलेल्या काचेच्या नळीतून सोडला. हिरवे-पिवळे पट्टे एकाखाली एक सुटे झाले, कारण प्रत्येक रंगद्रव्य भुकटीला कमी-जास्त चिकटतं. हीच क्रोमॅटोग्राफी. तो 1919 मध्ये गेला, तेव्हा या पद्धतीकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. 1941 मध्ये मार्टिन आणि सिंज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिला नवं रूप दिलं आणि 1952 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज गुळाच्या नमुन्यात सुक्रोज (म्हणजे आपली साखर) किती, ग्लुकोज-फ्रुक्टोज किती, हे प्रयोगशाळेत त्स्वेतच्या नळीच्याच वंशातल्या यंत्रावर मोजता येतं.