शून्य इंटरसेप्शन आणि सात नंबरची जर्सी: डेरेक स्टिंगलीच्या २०२१ च्या हंगामामागचा इतिहास

२०२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या हंगामपूर्व याद्या निघाल्या, तेव्हा बचावपटूंमध्ये लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे एलएसयूच्या, डेरेक स्टिंगली ज्युनियरचं नाव ठळकपणे घेतलं जात होतं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्याला हंगामपूर्व ऑल-अमेरिका संघात, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत, घेतलं होतं. आदल्या वर्षी मात्र त्याच्या नावावर एकही इंटरसेप्शन नव्हतं. तो कॉर्नरबॅक, म्हणजे कडेने धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला राखणारा बचावपटू. प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच पकडणं, म्हणजेच इंटरसेप्शन, ही कॉर्नरबॅकची सर्वांत दिसणारी कामगिरी, आणि तीच शून्यावर. तरीही अपेक्षा एवढ्या का होत्या, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

आधी कामाचं स्वरूप पाहू. पास पकडणारा वाइड रिसिव्हर मैदानाच्या कडेने सुसाट निघतो, मध्येच थबकतो, वळतो. कुठे वळायचं हे त्याला आधीच ठाऊक असतं, कॉर्नरबॅकला नसतं. तो पहिली काही पावलं उलटा सरकत, रिसिव्हरच्या कमरेवर नजर ठेवून राहतो, कारण खांदे आणि डोळे हुलकावणी देतात, कंबर सहसा देत नाही. मग वळायचं, वेग पकडायचा आणि चेंडू येईल त्या क्षणी हात मध्ये घालायचा. कबड्डीत ज्या कोपरारक्षकाची पकड सुटत नाही, त्याच्या बाजूला चढाईपटू फिरकतच नाही, आणि सामना संपल्यावर त्याच्या नावापुढे गुण कमी दिसतात. कॉर्नरबॅकचंही तसंच आहे. तो फार चांगला ठरला की पास टाकणारा क्वार्टरबॅक त्याच्या दिशेने पास टाकणंच कमी करतो. त्यामुळे अशा खेळाडूच्या येणाऱ्या हंगामाबद्दल अंदाज बांधताना मागच्या वर्षाचे आकडे फार जपून वाचावे लागतात.

स्टिंगली एलएसयूच्याच गावचा, बॅटन रूजचा. शाळा लवकर आटोपून तो डिसेंबर २०१८ मध्येच संघाच्या सरावाला आला. तिथे समोर होते जमार चेस आणि जस्टिन जेफरसन हे रिसिव्हर, आणि पास टाकायला जो बरो. पुढच्या हंगामात बरोने तब्बल ६० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, टाकून कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक जिंकला, चेसला देशातल्या सर्वोत्तम रिसिव्हरचा पुरस्कार मिळाला. रोजच्या सरावात एकास एक अशी गाठ अशा माणसाशी पडत असेल, तर शनिवारच्या सामन्यातला रिसिव्हर त्या मानाने सोपाच वाटणार.

२०१९ मध्ये दुसऱ्या बाजूचा कॉर्नरबॅक होता क्रिस्टियन फुल्टन, अनुभवी आणि भरवशाचा. साहजिकच प्रतिस्पर्ध्यांनी अठरा वर्षांच्या नव्या पोराकडे पास टाकून पाहिले. त्याने सहा पकडले आणि आणखी १५ हात घालून मोडले. एलएसयू ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसईसीमध्ये, त्या वर्षी सर्वाधिक इंटरसेप्शन त्याचीच होती. त्यातली दोन तर जॉर्जियाविरुद्धच्या एसईसी अजिंक्यपदाच्या सामन्यातली, जो एलएसयूने ३७-१० असा जिंकला. १३ जानेवारी २०२० ला न्यू ऑर्लीन्समध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात क्लेमसनला ४२-२५ असं हरवून संघाने १५ पैकी १५ सामने जिंकले. पहिल्याच वर्षी स्टिंगली सर्वमान्य ऑल-अमेरिकन झाला.

बास्केटबॉलमध्ये असा खेळाडू वर्षभरात व्यावसायिक झाला असता. फुटबॉलमध्ये तसं चालत नाही. शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीत, उतरता येत नाही. त्यामुळे स्टिंगलीला २०२० आणि २०२१ हे दोन्ही हंगाम कॉलेजमध्येच काढावे लागणार होते, आणि आपल्या नावावर पैसे कमवायची मुभा कॉलेज खेळाडूंना मिळाली ती थेट जुलै २०२१ मध्ये. मला हे अन्यायाचं वाटतं. दुखापतीचा धोका सगळा खेळाडूच्या अंगावर, आणि वाट पाहायची सक्तीही त्याच्यावरच.

२०२० चा हंगाम साथीच्या सावटाखाली सुरू झाला. चेसने खेळायचंच नाही असं ठरवलं, बरो आणि जेफरसन व्यावसायिक झाले होते, बचावाचे प्रशिक्षक डेव्ह अरांडा बेलर युनिव्हर्सिटीत गेले होते. २६ सप्टेंबरच्या पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्री स्टिंगली अचानक आजारी पडला आणि त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. मिसिसिपी स्टेटचा क्वार्टरबॅक के. जे. कॉस्टेलो याने त्या दिवशी ६२३ यार्डांचे पास पूर्ण केले. तो एसईसीचा विक्रम ठरला आणि गतविजेते ४४-३४ असे हरले. एका खेळाडूच्या नसण्याने एवढं होतं असं कुणी म्हणू नये. मिसिसिपी स्टेटचे प्रशिक्षक माइक लीच यांच्या पासवर उभ्या आक्रमणासमोर एलएसयूचे नवे बचाव प्रशिक्षक बो पेलिनी एकास एक अशीच राखण करत राहिले, आणि खरी चूक तिथे होती. पण अशा राखणीत कडेचा माणूस किती मोलाचा, हे त्या दुपारी सगळ्यांनी पाहिलं.

पुढे स्टिंगली सात सामने खेळला. एकही इंटरसेप्शन नाही, संघ पाच जिंकला, पाच हरला. दुसऱ्या बाजूला पहिल्या वर्षाचा एली रिक्स होता, त्याने चार इंटरसेप्शन मिळवली आणि त्यातल्या दोनांवर थेट टचडाउन केले. नुसते आकडे पाहिले तर रिक्स पुढे गेला असं वाटेल. मी याकडे उलट्या बाजूने पाहतो: स्टिंगलीची बाजू टाळायची, तर पास दुसरीकडे जाणारच. पण रोखून धरण्याला पुरस्कारांच्या जगात फारशी किंमत नाही. १९३५ पासून दिल्या जाणाऱ्या हाइझमनवर नाव कोरलेले कॉर्नरबॅक दोनच, १९९७ मध्ये मिशिगनचा चार्ल्स वुडसन आणि २०२४ मध्ये कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर. दोघंही आक्रमणातसुद्धा खेळत होते. चेंडू हातात आला की माणूस दिसतो.

एलएसयूत मात्र या जागेची जाण मुरलेली आहे. पॅट्रिक पीटरसन २०११ च्या ड्राफ्टमध्ये पाचवा निवडला गेला, मॉरिस क्लेबोर्न पुढच्या वर्षी सहावा. मागच्या फळीतल्या सर्वोत्तम बचावपटूला मिळणारा जिम थॉर्प पुरस्कार या दोघांनी लागोपाठ जिंकला, आणि २०१९ मध्ये तो पुन्हा बॅटन रूजला आला, स्टिंगलीचा सहकारी ग्रँट डेलपिटकडे. पीटरसनची जर्सी सात नंबरची. पुढे ती टायरन मॅथ्यूने घातली, जो २०११ मध्ये हाइझमनच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. मग लेनर्ड फोर्नेट, डी. जे. चार्क, डेलपिट. लुईझियानातल्या गुणी पोराकडे हा नंबर सोपवायचा, असा रिवाजच पडला. पहिली दोन वर्षं २४ नंबर घातलेल्या स्टिंगलीला २०२१ साठी सात मिळाला. तो त्या मानाचा होता, यात शंका नाही.

या घराण्यात फुटबॉलची एक जुनी जखमही आहे. डेरेकचे आजोबा डॅरिल स्टिंगली न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे वाइड रिसिव्हर होते. १२ ऑगस्ट १९७८ ला ओकलंडमध्ये हंगामपूर्व सराव सामन्यात उंच पास पकडायला ते झेपावले आणि रेडर्सचा सेफ्टी, म्हणजे मागच्या फळीतला बचावपटू, जॅक टेटम त्यांच्यावर आदळला. मानेचे मणके मोडले, चारही हातपाय लुळे पडले. पंचांनी फाउलसुद्धा दिला नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती धडक बसत होती. त्याच वर्षी लीगने बचावपटूंना पाच यार्डांपुढे रिसिव्हरला धक्के द्यायला बंदी केली होती, पण हवेत झेपावलेल्या असहाय खेळाडूला संरक्षण देणारे नियम पुढे हळूहळू आले. डॅरिल २००७ मध्ये गेले, तेव्हा नातू सहाही वर्षांचा नव्हता. मुलगा डेरेक सीनियर बंदिस्त मैदानावरच्या अरीना फुटबॉलमध्ये खेळला. नातू रिसिव्हर न होता रिसिव्हरला रोखणारा झाला. त्याचा खेळ पाहताना एक गोष्ट जाणवते: आदळण्यापेक्षा वेळेवर पोहोचून हात घालण्यावर त्याचा भर असतो.

अशा तयारीने २०२१ उजाडलं आणि हंगाम तीन सामन्यांत संपला. सरावातच दुखावलेला डावा पाय पुन्हा दुखावला. दुखापत पावलाच्या मधल्या सांध्याची होती, जिला लिस्फ्रँक म्हणतात. झपकन थांबणं, वळणं, उलटं सरकणं हे सगळं पावलाच्या त्याच भागावर तोललेलं असतं, म्हणून कॉर्नरबॅकला ती विशेष जाचते. शस्त्रक्रिया झाली. एलएसयू ६-७ वर थांबलं आणि प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांची गच्छंती हंगाम चालू असतानाच जाहीर झाली.

मग एप्रिल २०२२ चा ड्राफ्ट. सिनसिनाटीचा सॉस गार्डनर तेव्हा भरात होता. त्याने कॉलेजच्या तीन वर्षांत आपल्या राखणीत एकही टचडाउन होऊ दिला नव्हता, असं सांगितलं जायचं. तरीही ह्यूस्टन टेक्सन्सनी तिसऱ्या क्रमांकावर स्टिंगलीला घेतलं, गार्डनर चौथा गेला. पहिल्या वर्षी गार्डनर सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला आणि टेक्सन्सवर भरपूर टीका झाली. स्टिंगलीने पुन्हा २४ नंबर घातला होता. २०२३ मध्ये त्याने अवघ्या ११ सामन्यांत पाच इंटरसेप्शन मिळवली, २०२४ मध्ये आणखी पाच मिळवून तो ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांच्या, पहिल्या संघात आला, आणि मार्च २०२५ मध्ये त्याने तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलरच्या करारावर सही केली. वर्षाच्या सरासरीने त्या दिवशी त्याच्याहून महाग कॉर्नरबॅक लीगमध्ये नव्हता.