सकाळी पेटतो, दुपारी विझतो

दहा-पंधरा वर्षं जुनी जर्मन गाडी आज नव्या छोट्या हॅचबॅकच्या भावात मिळते. मुंबईत कुणीतरी हौस भागवून सोडलेली अशी गाडी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या एखाद्या अंगणात येऊन उभी राहते आणि पहिला पावसाळा लागला की डॅशबोर्डवर दिवाळी सुरू होते. आज एबीएसचा दिवा, उद्या एअरबॅगचा, परवा ‘ब्रेकलाइट बंद’, मध्येच ‘गिअरबॉक्समध्ये बिघाड’. गॅरेजला न्यावी तर वाटेतच सगळं विझतं. स्कॅनर लावला की बिघाडाचे पाच-सहा कोड निघतात, ते पुसले जातात, चार दिवसांनी पुन्हा हजर. मग एकेक सेन्सर बदलायला सुरुवात होते, आणि पार्टची बिलं गाडीच्या किमतीच्या मागे लागतात.

अशा येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडात सेन्सर बहुतेक वेळा बिचारा निर्दोष असतो. खोट असते ती त्याच्यापर्यंत वीज पोचवणाऱ्या वाटेत, आणि किनारपट्टीवर त्या वाटेवरचा पहिला संशयित म्हणजे हवा.

लाट फुटते तेव्हा उडणारे बारीक तुषार वाऱ्यावर आत येतात, पाणी उडून जातं, मीठ उरतं. किनाऱ्यापासून दूर जावं तसं हे प्रमाण झपाट्याने घटतं, त्यामुळे मांडवीच्या किनाऱ्यालगत उभी राहणारी गाडी आणि घाटाच्या पायथ्याला उभी राहणारी गाडी यांचं म्हातारपण सारखं नसतं. हे मीठ कोरडं असेपर्यंत फारसं काही करत नाही. पण खाण्याचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. त्याला तर ३३ टक्के आर्द्रतासुद्धा पुरते. पावसाळ्यात इथली हवा दिवसरात्र त्या रेषेच्या वर असते. हिवाळ्यात रात्री वर, दुपारी खाली. म्हणजे कपलरच्या, वायरी जोडणाऱ्या प्लगच्या, आत साचलेलं मीठ पहाटे ओलं, उन्हं चढली की कोरडं. सकाळी पेटणारा आणि दुपारी मिस्त्रीसमोर विझणारा दिवा हा गाडीचा खोडसाळपणा नव्हे; तिचा दिनक्रम हवेच्या दिनक्रमाशी जुळलेला असतो.

खारट पाण्याचा पातळ थर विजेला वाट देतो. दोन पिनांमध्ये थोडी वीज गळते, आणि ज्या पिनेवर बॅटरीचे १२ व्होल्ट कायम असतात तिचा धातू हळूहळू विरघळत जातो. कपलर उघडल्यावर एकच पिन हिरवी पडलेली आणि शेजारच्या चकचकीत दिसल्या, तर ती हिरवी बहुतेक कायम वीज असणारी निघते. तांब्याची वायर कळकली की तो हिरवेपणा आवरणाच्या आतून पुढे सरकत जातो. बाहेरून वायर नवीकोरी, सोलली तर आत काळी-हिरवी भुकटी.

पिनांना कथलाचा मुलामा असतो. आपल्या घरातल्या पितळी भांड्यांना कल्हई असते तोच धातू, तेच काम. कल्हई घासून उडाली की ताक कळकतं. इथे ती उडते गाडीच्या कंपनाने. आंबोली किंवा परशुराम घाटातल्या खड्ड्यांत कपलरमधल्या पिना एकमेकींवर मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतक्याच सरकतात, पण लाखो वेळा. प्रत्येक वेळी कथलाचा कण निघतो, त्याचा ऑक्साइड होतो, आणि ती भुकटी दोन धातूंच्या मध्ये साचते. कपलर एकदा काढून पुन्हा बसवला की भुकटी बाजूला होते आणि बिघाड ‘बरा’ होतो. महिन्या-दोन महिन्यांसाठी. कित्येक नवे सेन्सर याच कारणाने यशस्वी ठरतात: दोष सेन्सर बदलल्याने गेलेला नसतो, कपलर हलल्याने गेलेला असतो.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती अर्थच्या, म्हणजे अर्थिंगच्या, जोडावर. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच बॅटरीकडे परतीची वायर. सांगाड्यावर जागोजागी एकेका बोल्टखाली चार-पाच वायरी एकत्र कसलेल्या असतात. तिथे तांबं, कथील आणि लोखंड एकत्र भेटतात. त्यात खारट ओल आली की लोखंड आधी जातं आणि जोडाखाली गंज फुगतो.

कुडाळकडच्या एका गॅरेजमध्ये हे जवळून बघायला मिळालं. तक्रार होती मागचा बल्ब गेल्याचा संदेश येतो-जातो अशी, आणि बल्ब दोनदा बदलून झाले होते. मिस्त्रींनी स्कॅनरला हात लावला नाही. “आधी अर्थ बघूया, मगे सेन्सर,” म्हणाले, गाडी शेडच्या काळोखात घेतली आणि पोराला ब्रेक दाबून डावा इंडिकेटर द्यायला सांगितलं. डावा ब्रेकलाइट इंडिकेटरच्या तालावर मंद होत होता. परतीची वाट अरुंद झाली की एका दिव्याची वीज दुसऱ्याच्या वाटेत अडथळा आणते. डिकीतलं अस्तर बाजूला केलं, दहा नंबरचा नट सोडला. खाली चार गोल टर्मिनलं एकावर एक, मधल्या दोनांवर पांढरट-हिरवी खपली. पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, नट कसला, वरून ग्रीस लावलं. संदेश गेला.

हिशेब करून पाहिला तर यात गूढ काही नाही. २१ वॅटचा ब्रेकलाइट, २१ वॅटचा इंडिकेटर आणि ५ वॅटचा पार्किंग दिवा मिळून साधारण ४ अँपिअर घेतात. जोडात ०.३ ओहम इतका क्षुल्लक रोध आला तरी तिथे १.२ व्होल्ट खर्च होतात. बल्ब शाबूत आहे की नाही हे गाडीचा संगणक त्यातून जाणाऱ्या विजेवरून ठरवतो. वीज कमी झाली की त्याच्या लेखी बल्ब गेला. (हौसेने एलईडी बल्ब बसवले की हाच संदेश येतो, कारण एलईडी मुळातच कमी वीज घेतो.) सेन्सरचं प्रकरण याहून नाजूक. बरेचसे सेन्सर ५ व्होल्टवर चालतात आणि आपलं म्हणणं ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान सांगतात. अर्थ ०.२ व्होल्टने घसरला तर सेन्सर खरं बोलत असूनही संगणकाला पाच टक्के चुकीचं ऐकू येतं.

इथे मल्टिमीटर वापरणारे हौशी लोक हमखास चकतात. मीटर ओहमवर ठेवून वायर तपासली की शून्य दाखवतो, आणि वायर चांगली म्हणून सोडून दिली जाते. ओहम मोजताना मीटर मिलिअँपिअरच्या घरातली वीज सोडतो. एकोणीस तारांच्या वायरीत अठरा तुटून एकच उरली असली तरी तेवढ्याला ती पुरते. खरा भार आला की कोसळते. म्हणून भार चालू ठेवून व्होल्ट मोजायचे. दिवे लावा, मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, ०.२ च्या वर गेलं की जोड शोधा, अर्धा व्होल्ट दिसला तर चोर सापडलाच.

पण त्याही आधी बॅटरी. बंद गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चाकरमान्यांच्या गाड्यांचा खरा रोग इथेच आहे. गाडी बंद असतानाही तिचे संगणक, अलार्म, लॉक मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज खात राहतात, आणि ते सामान्यच समजलं जातं. महिन्याचे ३६ अँपिअर-तास होतात. ७० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले निम्मे गेले. महिनाभर गावी उभी राहिलेली गाडी सेल्फ मारला की कशीबशी उठते, पण त्या क्षणी व्होल्टेज इतकं खाली जातं की निम्मे संगणक अर्धवट जागे होतात आणि प्रत्येक जण आपापली तक्रार नोंदवून ठेवतो. स्कॅनरवर दहा कोड दिसले आणि सगळ्यांची वेळ किंवा किलोमीटर एकच असेल, तर दहा बिघाड नाहीत, एकच आहे.

या संगणकांचं आपसातलं बोलणं दोन पिळलेल्या वायरींवर चालतं. ‘कॅन’ नावाची ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगासमोर मांडली आणि १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ती पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आली. शांत असताना दोन्ही वायरींवर २.५ व्होल्ट, बोलताना एक ३.५ वर चढते, दुसरी १.५ वर उतरते. बाहेरचा विद्युत-गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो, आणि फरकच मोजायचा असल्याने तो वजा होतो. हल्लीच्या गाड्यांत वेगवान जाळ्याच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोध असतात, म्हणून बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मोजलं की ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. एका कपलरमध्ये पाणी शिरलं की ती जोडी भिजते आणि जाळ्यावरचे सगळेच गप्प होतात. ज्याचा दिवा लागला तो बहुधा फक्त ऐकू न आल्याची तक्रार करत असतो. ‘यू’ने सुरू होणारे कोड याच जातीचे.

पाणी येतं कुठून? रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. काचेखालच्या जाळीतून आणि सनरूफच्या कोपऱ्यातून पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या आंब्या-फणसाच्या पानांनी तुंबल्या की ते आत वळतं, आणि या महागड्या गाड्यांचे संगणक नेमके सीटखाली, कार्पेटखाली, डिकीच्या खळग्यात बसवलेले असतात. वायरीच्या तारांमधल्या फटींतून पाणी आवरणाच्या आतल्या आत दूरवरही चढतं. डाव्या वळणावरच दिवा लागतो, असं कोणी सांगितलं तर आधी कार्पेट दाबून बघावं. दार उघडताना-मिटताना लागत असेल तर बिजागरीजवळची रबरी नळी ओढून आतल्या तुटक्या वायरी. पावसाळ्यात इंजिनच्या उबेला येणारे उंदीर हा वेगळाच अध्याय. त्यांना शास्त्र लागत नाही, टॉर्च लागतो.

म्हणून दिवा लागला की फोटो काढावा आणि खाली चार शब्द लिहावेत: पाऊस होता का, एसी चालू होता का, इंजिन गार की गरम, खड्डा की वळण. मिस्त्रीला हे कोडपेक्षा जास्त उपयोगी पडतं. दोन अपवाद मात्र आहेत. तेलाचा किंवा ब्रेकचा लाल दिवा ‘ओल असेल’ म्हणून सोडायचा नाही, गाडी थांबवायची. आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरमध्ये मीटरची टोकं घरी खुपसायची नाहीत.

नव्याने जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एवढंच: २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा गाड्याही बुडाल्या, आणि बुडालेली गाडी धुऊन-वाळवून सहज चकचकीत करता येते. कपलर आतून वाळत नाहीत. घासाघीस सुरू करण्याआधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, स्पेअर चाकाखाली हात घाला, आणि फ्यूज बॉक्सचं झाकण उघडायला मालक कां-कूं करत असेल तर चहा पिऊन परत या.