मॅककॉनेल आणि 2016 ची ती रिकामी खुर्ची

अमेरिकेतल्या केंटकी राज्याचे रिपब्लिकन सिनेटर मिच मॅककॉनेल 2026 ला उभे राहणार नाहीत, हे त्यांनी 20 फेब्रुवारी 2025 ला आपल्या 83 व्या वाढदिवशीच सांगून टाकलं. 1985 पासून सलग सिनेटमध्ये, त्यातली 18 वर्षं पक्षाचे नेते, कधी बहुमतात कधी विरोधात. इतकी वर्षं सिनेटमध्ये कुठल्याच पक्षाचा नेता टिकला नव्हता.

सुरुवातीचं फार सांगत बसत नाही. 1984 ची पहिली निवडणूक जेमतेम पाचेक हजार मतांनी काढली. त्यातली एक जाहिरात लोक अजून सांगतात, शिकारी कुत्रे सोडलेत आणि सभागृहात गैरहजर राहणाऱ्या समोरच्या सिनेटरला ते हुंगत हुंगत शोधतायत. पुढे निवडणूक निधीवर मर्यादा नको म्हणून कोर्टात गेले, 2003 मध्ये हरले, पण त्या निकालातला महत्त्वाचा भाग कोर्टानेच 2010 ला फिरवला. थांबायची तयारी असलेला माणूस, एवढं त्यातून कळतं.

खरा वाद मात्र 13 फेब्रुवारी 2016 पासूनचा. त्या दिवशी सुप्रीम कोर्टातले एक कॉन्झर्व्हेटिव्ह न्यायमूर्ती अचानक गेले, आणि बातमी येऊन काही तास होतात न होतात तोच मॅककॉनेलचं स्टेटमेंट आलं की ही जागा पुढचा राष्ट्राध्यक्ष भरेल, निवडणुकीचं वर्ष आहे, लोकांना ठरवू द्या. न्यायमूर्ती राष्ट्राध्यक्ष सुचवतो, पण मंजुरी सिनेटची लागते, आणि तिथे बहुमत मॅककॉनेलच्या रिपब्लिकनांचं. महिन्याभराने तेव्हाचे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्या जागेसाठी न्यायाधीश मेरिक गार्लंडचं नाव पाठवलं. ते पाडलं नाही की पास केलं नाही, सुनावणीसुद्धा घेतली नाही, 293 दिवस नुसतं भिजत घोंगडं. नियमात बसत होतं का? बसत होतं, सिनेटने अमुक दिवसांत मतदान घ्यावं असं घटनेत कुठे लिहिलेलं नाही. मॅककॉनेलचे समर्थक तेव्हा डेमोक्रॅट सिनेटर असलेल्या बायडेनचं 1992 चं भाषण काढून दाखवतात, निवडणुकीच्या हंगामात नेमणूक नको असं तेच म्हणाले होते ना. पण तेव्हा जागाच रिकामी नव्हती, ते नुसतं भाषण होतं. आणि 1988 ला, तेही निवडणुकीचंच वर्ष, डेमोक्रॅट बहुमताच्या सिनेटने रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगनने सुचवलेला न्यायमूर्ती 97-0 ने पास केला होता, तो दाखला सोयीस्करपणे गाळला जातो.

मग सप्टेंबर 2020. पुन्हा एक जागा रिकामी झाली, निवडणूक दीड महिन्यावर, आणि यावेळी घाई एवढी की मतदानाच्या आठ दिवस आधी 52-48 ने नेमणूक उरकली. खुलासा असा की यावेळी राष्ट्राध्यक्ष आणि सिनेट एकाच पक्षाचे आहेत. असेल, पण 2016 ला पुढे केलेलं वाक्य ते नव्हतं, लोकांना ठरवू द्या हे होतं. आपला तो बाब्या!

मधे 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नेमणुकीसाठी लागणारा 60 मतांचा अडसरही त्यांनी काढला, म्हणजे साधं बहुमत पुरायला लागलं. मंत्र्यांसकट बाकीच्या नेमणुकांसाठी तो डेमोक्रॅट्सनी 2013 लाच काढला होता, आणि पस्तावाल असं तेव्हा मॅककॉनेलच सांगत होते. ट्रम्पच्या पहिल्या टर्ममध्ये तीन न्यायमूर्ती बसले आणि 2022 मध्ये गर्भपाताचा हक्क देणारा जुना निकाल उलटवणाऱ्यांत ते तिघेही होते.

ट्रम्पशी नातं तसं विचित्रच. 6 जानेवारी 2021 ला ट्रम्प समर्थकांनी संसदेवर केलेल्या हल्ल्याला ट्रम्पच जबाबदार असं मॅककॉनेल भर सभागृहात म्हणाले, पण महाभियोगात मत दिलं निर्दोष म्हणून. नेतेपद सोडल्यावर मात्र 2025 ला ट्रम्पच्या संरक्षणमंत्र्यांच्या नेमणुकीविरुद्ध मत दिलं, मग गुप्तचर प्रमुख आणि आरोग्यमंत्र्यांविरुद्धही, या दोन्ही वेळी रिपब्लिकनांत एकटेच. आरोग्यमंत्र्यांच्या वेळी लहानपणी आपल्याला झालेल्या पोलिओचा उल्लेख केला, कारण समोरचा माणूस लसींवर शंका घेणारा. तिघेही पास झाले, साध्या बहुमताने, 2013 च्या त्याच नियमामुळे.