तरुण मेंढ्यांच्या शरीरबांधणीचे परीक्षण

पशुप्रदर्शनात पैदाशीसाठी ठेवण्याजोगा तरुण नर मेंढा त्याच्या हाडापेरावरून, चालीवरून आणि जननेंद्रियांच्या वाढीवरून निवडण्याची पद्धत. मेंढीपालनात एका नराच्या वाट्याला हंगामात साधारण २५ ते ३० मेंढ्या येतात. मेंढीतला दोष तिच्या एकदोन कोकरांपुरता राहतो, नराचा दोष मात्र वर्षभरात अख्ख्या कळपात दिसू लागतो. म्हणून प्रदर्शनातल्या सगळ्या गटांत तरुण नरांच्या गटाचा निकाल सर्वांत जबाबदारीने द्यावा लागतो.

गट वयाने पाडतात आणि वय दातांनी ठरते. दुधाचे दात शाबूत असलेला नर ‘आदत’. साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमारास पहिली पक्क्या दातांची जोडी येते, तो ‘दोन दाती’. दीड ते दोन वर्षांत ‘चार दाती’. खुराकाप्रमाणे यात थोडेफार पुढेमागे होते. आदत नराची वाढ अजून चालू असल्याने त्याला चार दातीच्या शेजारी उभे करून तोलणे अन्यायाचे ठरते.

परीक्षण पायांपासून सुरू करावे. साताऱ्या-सांगलीकडचे आणि नगर भागातले धनगर पावसाळ्यानंतर कळप घेऊन महिनोन् महिने वाटेवर असतात. दख्खनी जातीचा मेंढा या वाटचालीतच जगतो आणि मेंढ्या फळवतो. मेंढा आधी सपाट, टणक जमिनीवर चालवून पाहतात. समोरून पाहताना पुढचे पाय सरळ आणि एकमेकांपासून पुरेसे दूर हवेत. गुडघे आत वळलेले असले तर छातीही बहुधा अरुंद निघते. मागची ढोपरे एकमेकांना घासत असतील तर दोष, आणि मागचा पाय काठीसारखा ताठ असेल तरी दोषच, कारण मेंढीवर चढताना सगळा भार त्याच सांध्यांवर येतो. खुरांच्या वरचा सांधा थोडा तिरका पण घट्ट असावा. तो ढिला पडून मागच्या छोट्या नख्या जमिनीला टेकू लागल्या, तर तो मेंढा बाकी कितीही देखणा असला तरी मागच्या रांगेत जातो.

पायांनंतर धड. इथे डोळ्यापेक्षा हात खरा, विशेषतः दख्खनीत, कारण भरड लोकर पाठीचा खोलगटपणा सहज झाकते. परीक्षक बोटे सपाट ठेवून मानेपासून शेपटीपर्यंत पाठ चाचपतो. खांद्याची पाती अंगाला चिकटून असावीत, वर उठलेली नकोत. खांद्यामागे छातीचा घेर भरलेला हवा. तिथे खळगा लागला तर आतल्या फुप्फुसाला जागा कमी. कंबर लांब आणि रुंद असावी, मटणाचा भारी भाग तिथेच असतो. पुठ्ठा फार उतरता नको. कमरेच्या मणक्यांची टोके बोटांना किती टोचतात यावरून अंगावरचे मांस १ ते ५ गुणांत मोजतात. पैदाशीच्या नराला ३ ते ३.५ पुरे. प्रदर्शनासाठी खुराक चारून फुगवलेला मेंढा दुरून भरीव दिसतो, पण चरबीखाली कमकुवत कंबर लपलेली असू शकते. अशा मेंढ्यावर जास्त वेळ हात फिरवणे हेच परीक्षकाचे काम.

वृषण तपासल्याशिवाय क्रमांक देऊ नये. दोन्ही कोशात उतरलेले, सारख्या आकाराचे, हाताला घट्ट आणि कोशात मोकळे हलणारे हवेत. एकच उतरलेला असेल तर मेंढा बाद, कारण हा दोष पुढच्या पिढीत उतरतो. खालच्या टोकाशी गाठ किंवा दुखरेपणा लागला तर रोगाची शंका घेऊन त्याला पशुवैद्यकाकडे पाठवतात. कोशाचा घेर टेपने मोजतात आणि त्याच जातीच्या, त्याच वयाच्या नरांशीच ताडून पाहतात.

महाराष्ट्रात या सगळ्याला आव्हान देणारी गोष्ट म्हणजे माडग्याळी मेंढ्याचे नाक. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून ओळखली जाणारी ही जात उंच पायांची, लांब मानेची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची आणि फुगीर, बाकदार नाकाची. बाजारात नाकाचा बाक जितका जास्त तितका भाव जास्त. डिसेंबर २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला ७० लाख रुपयांची मागणी आल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. जातीची ओळख जपणे योग्यच आहे. पण बाकाच्या हव्यासात खालचा जबडा आखूड पडतो का, हे ओठ उघडून पाहिलेच पाहिजे. मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात वरच्या टणक हिरडीवर नीट बसले नाहीत, तर खुरटे गवत तोडता येत नाही आणि दुष्काळी जतमध्ये खुरट्या गवतावरच दिवस काढायचे असतात.

दिखाऊ लक्षणाच्या मागे लागल्याचे परिणाम ऑस्ट्रेलियाने भोगले आहेत. १८८० च्या दशकापासून तिथे अमेरिकेतल्या व्हरमाँटहून सुरकुतलेल्या कातडीचे, लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या मरिनो जातीचे मेंढे आणले गेले. जास्त कातडी म्हणजे जास्त लोकर, या समजुतीने प्रदर्शनांत त्यांना मान मिळाला. पुढे त्या घड्यांत माश्या अंडी घालून अळ्या पडू लागल्या, कातरणी अवघड झाली, कोरड्या मुलखात ही जनावरे टिकेनात, आणि मेंढपाळांना सुरकुत्या कमी करण्यासाठी अनेक वर्षे निवड करावी लागली.

बांधणीवरून सगळेच कळत नाही. इंग्लंडमधल्या रॉबर्ट बेकवेल याने अठराव्या शतकातच आपले मेंढे हंगामापुरते भाड्याने देऊन, दुसऱ्यांच्या कळपांत त्यांना झालेली कोकरे पाहून नरांची पारख केली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढ्यांची निवड वजनाच्या आणि वंशावळीच्या नोंदी ठेवून होते. जुळी कोकरे देण्याचा गुण तर नराच्या अंगावर दिसतच नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ जातीतले, जुळी कोकरे देण्याचा गुण आणणारे ‘फेक-बी’ जनुक दख्खनी रक्तात आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. ते जनुक नरात आहे की नाही, हे रक्ताच्या नमुन्यावरील जनुकीय चाचणीनेच ठरते. म्हणून प्रदर्शनात मेंढ्याच्या गळ्यात क्रमांकाच्या बिल्ल्यासोबत त्याचे जन्मवजन, तीन महिन्यांचे वजन, आई किती कोकरे देते याची नोंद आणि असेल तर जनुकीय चाचणीचा निकाल लावलेला असावा, आणि परीक्षकाने ही सगळी माहिती मेंढ्याला हात लावण्याआधी नव्हे, हात लावून झाल्यावर वाचावी.