एप्रनच्या खिशातलं गणित

फार्माकॉलॉजीच्या तासाला परवा मुलींना म्हटलं, एप्रनचे खिसे रिकामे करा. आमचं नर्सिंग कॉलेज नवी मुंबईत, निम्मा वर्ग हॉस्टेलचा. टेबलावर पेनं, हेअरपिना, हार्बरचे पास आणि गोळ्यांच्या कापलेल्या पट्ट्या पडल्या. मेडिकलवाला चार गोळ्या कात्रीने कापून देतो, तेव्हा घटकांची नावं बऱ्याचदा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतात.

एका मुलीकडे तीन प्रकार निघाले: अंगदुखीची ६५० मिलिग्रॅमची, सर्दीची आणि पाळीच्या कळांची. “तिन्ही वेगवेगळ्या आहेत, मॅडम.” फोनवर घटक शोधायला लावले, तर तिन्हींत पॅरासिटामॉल! आदल्या दिवशी पहिली तीनदा, ५००ची दुसरी तीनदा, ५००चीच तिसरी दोनदा. बेरीज ४४५० मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४०००. एका दिवसाच्या या जादा डोसने यकृत सहसा कोसळत नाही, पण नाईट ड्युटीच्या आठवड्यात हे रोज चालतं.

यकृत बहुतेक पॅरासिटामॉलला ग्लुक्युरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून लघवीवाटे घालवतं. थोडा भाग मात्र सायटोक्रोम कुटुंबातल्या २ई१ या एन्झाइमच्या तावडीत सापडतो आणि त्याचा नॅपक्वी हा विषारी पदार्थ होतो. हा इलेक्ट्रॉनसाठी वखवखलेला रेणू. पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य आपल्या गंधकाच्या टोकाशी त्याला बांधून टाकतं, हे १९७३ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. ग्लुटाथायोन संपत आलं, की नॅपक्वी पेशीतल्या प्रथिनांच्याच गंधकाला चिकटतो, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीची वीजघरं बंद पडतात, पेशी मरते. म्हणून यावरचं औषध एन-ॲसिटिलसिस्टीन, म्हणजे ग्लुटाथायोनचा कच्चा माल. जादा डोसनंतरच्या पहिल्या आठ तासांत ते सर्वात चांगलं चालतं. पंचाईत अशी, की दुसऱ्या दिवशी पेशंटला बरं वाटू लागतं. यकृताची खरी दशा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसते.

ग्लुटाथायोन प्रथिनांतून मिळणाऱ्या अमिनो आम्लांपासून बनतं, त्यामुळे उपाशी शरीरात त्याचा साठा घटतो. नवरात्रात साबुदाण्यावर दिवस काढून ड्युटी करणाऱ्यांनी हे ऐकावं. खिचडीत दाण्याचं कूट असतं खरं, पण हॉस्टेलच्या खिचडीत ते शोधावं लागतं. आणि बागेबाहेर ‘लिव्हर साफ करणारा’ म्हणून मिळणारा दुधीचा रस ग्लुटाथायोन भरून देत नाही. दुधी कडू निघाला तर तोच विषारी ठरतो.

त्या मुलीने पेन उचललं आणि तिन्ही पट्ट्यांच्या मागे ‘पॅरा’ लिहिलं. शेजारची म्हणाली, “मॅडम, त्यापेक्षा अँटिबायोटिकच घेतलं तर?”