काचेवरच्या पेशी आणि व्हिनेगरनंतरचा फोटो

'आता एआय गर्भाशयमुखाचा कॅन्सर ओळखतो' असा मेसेज ग्रुपवर आला, की मी आधी एकच विचारते: काय बघून? काचेवरच्या पेशी की थेट गर्भाशयमुख? ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांत चुकाही वेगवेगळ्या होतात.

पहिलं काम पॅप तपासणीचं. डॉक्टर छोट्या ब्रशने गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून घेतात आणि त्यांची स्लाइड लॅबमध्ये बनते. एका स्लाइडवर हजारो पेशी असतात. त्यात बिघडलेल्या कधीकधी अगदी मोजक्या. केंद्रक फुगलेलं, गडद, कडा वेड्यावाकड्या. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेल्या माणसाची नजर अशा दहा पेशींवरून सहज घसरते. यंत्र आलं ते या थकव्यावर उतारा म्हणून. १९५० च्या दशकात अमेरिकेत तसा प्रयत्न झाला, पण ते यंत्र कचऱ्याला आणि एकमेकांवर चढलेल्या पेशींनाही संशयित ठरवायचं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासून मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) २००३ मध्ये मान्यता दिलेली थिनप्रेप इमेजिंग सिस्टिम वेगळ्या रीतीने चालते: ती स्लाइडवरच्या २२ जागा निवडून देते, तंत्रज्ञ आधी तेवढ्याच बघतो आणि त्यांत काही खटकलं तर अख्खी स्लाइड तपासतो. म्हणजे निदान यंत्र करत नाही, ते फक्त बोट दाखवतं. पण बोट चुकीकडे दाखवलं तर? ब्रिटनमधल्या 'मॅव्हॅरिक' चाचणीत (२०११) यंत्राच्या मदतीने झालेलं वाचन माणसाच्या नेहमीच्या वाचनापेक्षा सुमारे ८ टक्के कमी संवेदनशील निघालं, म्हणजे त्यातून खरे बिघाड जास्त निसटले.

दुसऱ्या कामात लॅब नाही, स्लाइडही नाही. गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातलं व्हिनेगरच, लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा पडतो. दाट, कडा स्पष्ट असलेला चट्टा संशयाचा. फिकट, विरत गेलेला पांढरेपणा साध्या सुजेनेही येतो. या तपासणीला व्हीआयए म्हणतात आणि तिचा मोठा पुरावा मुंबईचा आहे. टाटा मेमोरियलने इथल्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर चाचणी केली. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या, आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

तरी अडचण नजरेचीच. एकीला दाट वाटलेलं दुसरीला फिकट वाटतं. मग कॅमेऱ्याने फोटो काढून संगणकाला दाखवायचा, ही कल्पना. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या गटाने कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्ते भागातल्या ९ हजारांवर बायकांच्या जुन्या फोटोंवर ती आजमावली. निकाल बघून सगळे हरखले, कारण संगणकाने पॅपलाही मागे टाकलं होतं. मला मात्र दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: ते फोटो फिल्मच्या खास कॅमेऱ्याने काढलेले होते. त्या फोटोंवरून संगणक जे शिकला, ते फोनवर काढलेल्या फोटोंना जसंच्या तसं लागू पडलं नाही. उजेड, कोन, स्त्राव, चकाकी, सगळंच बदललं.

शिवाय जे दिसतच नाही त्याचा फोटो काढणार कसा? पाळी बंद झाल्यावर बिघाड जिथे सुरू होतो तो पट्टा आत, नळीत सरकतो. ब्रश आत जाऊन तिथल्या पेशी आणू शकतो. कॅमेऱ्याला मात्र निरोगी दिसणारी बाहेरची बाजूच मिळते. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला 'फोटो नॉर्मल आला' असं सांगणाऱ्याने हे तिला सांगितलंच पाहिजे.

चित्राची गरजच नसलेली तपासणी म्हणजे एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची तपासणी. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या चाचणीत (२००९) ही तपासणी एकदाच केल्याने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले; तिथे एकदाच केलेल्या व्हीआयएने तसा फरक पडला नव्हता. म्हणून आता अनेक ठिकाणी आधी एचपीव्ही, आणि ती पॉझिटिव्ह आलेल्या बायकांपुरताच फोटो, असा क्रम अजमावला जातोय.