वाक्याकृती

इंग्रजी वाक्यातील पदांचे परस्परसंबंध रेषांनी दाखवण्याची शालेय पद्धत. अमेरिकेतील इंग्रजीच्या वर्गांत ती रुजली. अलोन्झो रीड व ब्रेनर्ड केलॉग यांच्या ‘हायर लेसन्स इन इंग्लिश’ (१८७७) या पाठ्यपुस्तकामुळे ती रीड-केलॉग पद्धत म्हणून ओळखली जाते. तिचे जनकत्व सर्रास या दोघांना दिले जाते. ते तितकेसे ग्राह्य नाही. एस. डब्ल्यू. क्लार्क यांनी १८४७ मध्येच पदे फुग्यांसारख्या चौकटींत लिहून चौकटी एकमेकींना जोडल्या होत्या. एफ. ए. पी. बर्नार्ड यांचे १८३६ चे व्याकरण त्याहून जुने. पण ते चिन्हांवर आधारलेले असल्याने परंपरेचा आरंभ क्लार्क यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक. रीड-केलॉग यांनी चौकटी काढून टाकल्या आणि रेषा ठेवल्या.

आडव्या पायारेषेवर उद्देश्य व क्रियापद लिहितात. त्यांच्यामधली उभी रेषा पायारेषेला छेदून खाली जाते. क्रियापद व कर्म यांच्यामधली पायारेषेवरच थांबते. विधानपूरकापूर्वीची, म्हणजे उद्देश्याविषयीच सांगून विधान पूर्ण करणाऱ्या पदापूर्वीची, रेषा उद्देश्याकडे कललेली असते. विशेषणे व क्रियाविशेषणे तिरप्या रेषांवर खाली लोंबतात. चुका बहुधा कललेल्या रेषेपाशी होतात : ‘शी कॉल्ड अ डॉक्टर’मधील डॉक्टर कर्म आहे, ‘शी बिकेम अ डॉक्टर’मधील डॉक्टर म्हणजे तीच, तरी विद्यार्थी दोन्हीकडे उभीच रेषा मारतात. मराठी शाळांतील वाक्यपृथक्करणात हेच काम उद्देश्यविस्तार, विधेयविस्तार असे रकाने पाडलेला तक्ता करतो.

अलंकार शिकवताना आकृती एका मर्यादेपर्यंतच साथ देते. लिंकन यांच्या १८६३ च्या गेटिसबर्ग भाषणातील ‘ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल’ मांडले, की ‘गव्हर्नमेंट’खाली तीन सारख्या फांद्या लोंबतात आणि प्रत्येकीच्या टोकाला तोच शब्द येतो; समांतर रचना डोळ्यांना दिसते. रूपक मात्र निसटते : ‘टाइम इज मनी’ आणि ‘गोल्ड इज मेटल’ यांच्या आकृत्या हुबेहूब सारख्या. पदक्रमही पुसला जातो. क्रियापद शेवटपर्यंत राखून ठेवणाऱ्या वाक्याचा सारा ताण त्या विलंबात असतो, पण आकृतीत क्रियापद नेहमीच्याच जागी येऊन बसते. मूळ आरंभाची खूण म्हणून तेवढे पहिल्या शब्दाचे मोठे अक्षर उरते. देवनागरीत तेही नाही. त्यामुळे आकृतीशेजारी मूळ वाक्य लिहून शब्दांना क्रमांक देणे आवश्यक ठरते.

अमेरिकेतील इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८५ मध्ये संदर्भापासून तोडलेल्या व्याकरण-सरावाविरुद्ध ठराव केला. त्याचा रोख तुटक सरावावर होता; विद्यार्थ्याच्याच लेखनातले वाक्य मांडून पाहण्याला तो लागू होत नाही.